गायब होणाऱ्या बाईचं वॉशिंग मशीन

तमाम रसिक मायबाप, आप्तेष्ट, आणि चिपळूणच्या आमच्या आळीतले ते सर्वजण, ज्यांनी "यंदा कुठे कुठे फिरलात?" असं विचारून उत्तर ऐकायला थांबण्याची चूक केली, त्या सर्वांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, गाडीतच संसार करणाऱ्या नवराबायकोने कोणतं वॉशिंग मशीन घ्यावं, या प्रश्नाचा निकाल लागला आहे. निकाल अहिल्यानगर जिल्ह्यात लागला. त्यापायी एका लाकडी पेटीला भेग पडली, एका कापडी सशाचा कान गेला, आणि जे गुपित मी माझ्या सासऱ्यांनाही कधी सांगितलं नाही ते भर पटांगणात बोलू लागलं. कृपया टाळ्या शेवटी.

मी जादूगार आहे. टीव्हीवरचा नाही, शाळेच्या पटांगणातला. हिवाळ्यात देशावरच्या शाळांची स्नेहसंमेलनं सुरू झाली की आम्ही दोघं आमची जुनी मिनीबस घेऊन घाट चढतो आणि उन्हं तापेपर्यंत गावोगाव खेळ करत हिंडतो. मिनीबसच्या सीटा केव्हाच काढून टाकल्या. पुढे ड्रायव्हर, म्हणजे मी. मधे शेगडी आणि झोपायची फळी. मागे जादू.

बायकोचं नाव सुलभा. ती रोज गायब होते. मी तिला पेटीत उभी करतो, दार लावतो, मंत्र म्हणतो, दार उघडतो, पेटी रिकामी. कशी, ते मरेपर्यंत सांगणार नव्हतो, पण पुढची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही. पेटीला खोटी पाठ आहे. त्या पाठीमागे एक चिंचोळा कप्पा आहे आणि सुलभा त्यात अंग चोरून उभी असते. कप्पा तिच्या मापाने बनवला, तेव्हा ती पंचविशीची होती. आता दोघंही पन्नाशी ओलांडून गेलो आहोत. कप्पा तेवढाच आहे.

यंदा निघायच्या आधीच तिचा उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, हात हळूहळू वर जाईल, पण कपडे पिळणं बंद म्हणजे बंद. आता जादूगाराचे कपडे म्हणजे पांढरा अंगरखा, पांढरी सुरवार, पांढरे हातमोजे, मैलभर फेटा. नगरकडची धूळ या सगळ्यावर पहिल्याच खेळाला सही करून जाते. मी म्हटलं, मी पिळतो. दोन दिवस पिळलेही. सुलभाने दोरीवरून टपटप गळणाऱ्या अंगरख्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही कपडे पिळत नाही. त्यांची समजूत घालता."

मग फळीवर बसून, खांद्याला शेक देत, अजिबात आवाज न चढवता तिने सांगितलं, "अहो, नगरला मशीन बघू. नाही जमलं तर मी घरी जाते. तुम्ही दुसरी कुणीतरी गायब करा."

ती भांडली असती तर मी घाबरलो नसतो. ती दमली होती. दुसरी बाई कुठून आणू? तिच्याशिवाय माझा खेळ म्हणजे रुमालातून रुमाल काढणारा एक जाडा माणूस.

नगर

पाट्यांवर अहिल्यानगर झालंय, एसटीच्या कंडक्टरच्या तोंडात अजून नगरच. आम्ही गाडी एका चकचकीत दुकानासमोर लावली. आतल्या तरुण विक्रेत्याने आम्हाला थेट सगळ्यात मोठ्या मशीनपुढे उभं केलं. पुढे गोल काचेचं दार, आत स्टीलचं पिंप.

"फुल्ली ऑटोमॅटिक आहे सर. बटण दाबायचं आणि विसरून जायचं."

"काय काय लागतं हिला?" मी मुलगी बघायला आल्यासारखं विचारलं.

"काही नाही सर. नळाला प्रेशर हवं, जमीन सपाट हवी आणि लाईट कमीजास्त व्हायला नको."

"एवढं सगळं असतं," सुलभा म्हणाली, "तर आम्ही गाडीत राहिलो असतो का?"

"म्हणजे मॅडम, घर कुठे आहे आपलं?"

"बाहेर. तुमच्या नो पार्किंगच्या पाटीखाली."

त्याने मग बादलीएवढं एक छोटं मशीन काढलं. प्रवासासाठीच असतं म्हणाला. "एखादा रुमाल द्या सर, दाखवतो धुऊन." मी सवयीने खिशात हात घातला आणि रुमाल दिला. तो माझा न संपणारा रुमाल होता. लाल, मग त्याला गाठ मारलेला पिवळा, मग हिरवा, मग निळा. तो पोरगा ओढत राहिला, मशीनमध्ये भरत राहिला, बाजूची गिऱ्हाईकं मिक्सर सोडून बघायला आली. शेवटी मशीन घुर्र करून थांबलं.

"सर, हा संपतो का?"

"तिकीट काढल्याशिवाय नाही."

लोक हसले. सुलभा हसली नाही. ती दुकानातल्या स्टुलावर बसली होती आणि डाव्या हाताने उजवा खांदा धरून रस्त्याकडे बघत होती. बाहेर पडताना दारावरच्या म्हाताऱ्या वॉचमनने विचारलं, "मशीन घ्यायची का? आदी इचारा, पानी किती पिती."

आमच्या चिपळूणला नवीन मशीन आलं की शेजारी विचारतात, लाईट किती खातं. पाण्याचा प्रश्न कुणाच्या डोक्यातही येत नाही, विहिरीत बादली सोडली की काम झालं. इथे पुढचे सगळे दिवस, पानाच्या टपरीवर, शाळेत, पेट्रोल पंपावर, जो तो पहिला प्रश्न हाच विचारायचा. पानी किती पिती? जणू आम्ही म्हैस घ्यायला निघालोय.

पाथर्डी रस्ता

यानंतरची कल्पना माझी. ती माझी होती हे सुलभा आजही आल्यागेल्याला सांगते.

पूर्वेकडे पाथर्डीच्या बाजूला दोन शाळांत खेळ होते. एका दूधवाल्याकडून मी जुनी दुधाची कॅन आणली, तिच्यात कपडे, साबण आणि पाणी घातलं, झाकण ठोकून बसवलं आणि गाडीच्या मागच्या टोकाला ठेवली. म्हटलं, रस्ताच धुवील. खड्ड्यांची काही कमतरता नव्हती. दोन्ही बाजूंना तुरीची वाळलेली खुंटं, मधेच एखादं हिरवं रान, लांबवर उघडे डोंगर, आणि मागे डबडब, डबडब असा आवाज. मी खुशीत गात होतो.

शाळेत पोचून झाकण काढलं. कपडे धुतले गेले होते, ते खोटं नाही. पण कॅनच्या सांध्यांत जुनं दूध होतं. अंगरख्याला ताकाचा वास येत होता. आणि त्या कपड्यांत चुकून गेलेला माझा कापडी ससा, जो मी टोपीतून काढतो, तो एका कानाने वर आला. मुख्याध्यापकांनी नाकाला रुमाल लावून आमचं स्वागत केलं, पण जेवायला मात्र घरी नेलं. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी, बाजरीची भाकरी आणि असा लसणाचा ठेचा की माझे कान आतून धुतले गेले. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग गूळ. इथे मुख्याध्यापकांच्या पत्नीने तांब्या भरून दिला आणि मी अर्धं पिऊन उरलेलं सवयीने अंगणात ओतलं.  ओतलेल्या पाण्याकडे सगळे बघत होते. तेव्हापासून मी तांब्यात उरवत नाही.

त्या दिवशीचा खेळ ताकाच्या वासात झाला. सुलभा गायब झाली तेव्हा मला वाटलं, तिला बरं वाटलं असेल.

भिंगार

नगरला लागूनच भिंगार. लष्कराची छावणी आणि जुना बाजार. बाजारातल्या एका बोळात मुनीरभाईंचं दुकान आहे. फौजी कुटुंबांची बदली झाली की जे सामान पुढे न्यायचं नसतं ते मुनीरभाई घेतात आणि नव्याने आलेल्या फौजी कुटुंबांना विकतात. पंखे, खाटा, सायकली, लोखंडी ट्रंका. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. या सगळ्या वस्तू आमच्यासारख्याच, सतत बांधलेल्या आणि सोडलेल्या.

"जादूगारसाहेब, तुम्हाला दोन टबांची पाहिजे," मुनीरभाई म्हणाले. "एका टबात धुवा, दुसऱ्यात पिळा. नळ नको, प्रेशर नको. बादलीनं पाणी टाका, तेच साबणपाणी दोनदा वापरा. आणि ही बघा. ह्या मशीननं जेवढा देश पाहिला ना, तेवढा तुम्ही नाय पाहिला."

मशीनच्या बाजूला रंगाने लिहिलेली आणि खरवडून काढलेली नावं एकावर एक होती. रँक पुसलेल्या, गावं पुसलेली. एक पाय नवा होता. झाकणाला वायर गुंडाळलेली.

"पिळून दाखवा," सुलभा म्हणाली. त्या दिवशीचं तिचं ते पहिलं वाक्य.

मुनीरभाईंनी तिचाच टॉवेल भिजवला आणि छोट्या टबात टाकला. मशीन थरथरलं, किंचाळलं, शांत झालं. सुलभाने टॉवेल बाहेर काढला, मुठीत दाबला. एक थेंब पडला नाही. तिने तो टॉवेल गालाला लावला आणि तशीच उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं आणि घासाघीस करायचं विसरून गेलो. मुनीरभाईंनी मात्र मशीन गाडीत चढवताना प्रामाणिकपणे सांगितलं, "नीट बांधा हां. चालू रस्त्यात ही चालायला लागते."

मी छाती पुढे काढली. बांधण्यात माझा हात कोण धरणार? आयुष्यभर दोऱ्यांत काढलंय.

सुपे

खेळांच्या घाईत मशीन लावायला सवड मिळाली नाही. सकाळी आम्ही पुणे रस्त्याने पारनेरकडे निघालो. गाडीत न धुतलेल्या कपड्यांचं बोचकं, मागे दोरीने बांधलेलं मशीन, त्याच्या पुढे पेटी. रस्त्यावर उसाने भरलेल्या दुहेरी ट्रॉल्या, एकामागे एक. वर उसावर बायका बसलेल्या, डोक्यावरून पदर घट्ट, मांडीत झोपलेली पोरं. त्यांच्या संसाराचं सगळं सामान त्या उसातच कुठेतरी खोचलेलं असणार. सुलभा त्यांच्याकडे बघत होती. मी जोक करणार होतो, केला नाही.

सुप्याजवळ पुढची ट्रॉली अचानक थांबली. मी ब्रेक दाबला. मागून आवाज आला, आणि आरशात मला वॉशिंग मशीन माझ्याकडे येताना दिसलं.

आता ऐका. मी मारतो त्या गाठी बघणाऱ्याला घट्ट दिसतात. प्रेक्षकांतल्या पैलवानाने ओढल्या तरी सुटत नाहीत. पण ठरावीक बाजूने हलका हिसका बसला की गाठ पाण्यासारखी विरघळते. तोच तर धंदा आहे. सवयीने मी मशीनलाही तीच गाठ मारली होती. ब्रेकने हिसका दिला, तोही बरोब्बर बाजूने.

मशीन पेटीवर आदळलं. मशीनला काही झालं नाही, ते अनुभवी होतं. सुलभाच्या कप्प्यामागची, पेटीची बाहेरची फळी एका कडेला फाटली, हाताचा पंजा जाईल एवढी.

सुलभा खाली उतरली. भेगेत हात घालून बघितला. मग दोरी उचलली, डाव्या हाताने आणि दातांनी, आमच्याकडे होडी बांधतात तशी गाठ मारली आणि म्हणाली, "उद्याच्या खेळानंतर मी जाते. परवा सकाळच्या एसटीने."

"पण मशीन तर घेतलं!"

"घेतलंत. आणि माझ्याकडे फेकलंत." ती हसलीही नाही, रडलीही नाही. "अहो, मला खूप दमायला झालंय."

राळेगणसिद्धीच्या फाट्यावर चहाला थांबलो. एका आजोबांनी गाडीत डोकावून मशीन बघितलं आणि विचारलं, "पानी किती पिती?"

"अजून प्यायलीच नाही बिचारी," सुलभा म्हणाली. "आणली तशी उपाशी आहे." आजोबांनी मान हलवली आणि तिला चहाबरोबर खारी घ्यायला लावली. मला नाही.

पारनेरजवळचं एक गाव

गाव लहान, शाळा नेटकी. शाळेच्या कुंपणाला लागून कांताबाईंचं घर आणि त्या घराच्या कडेला नळ. शाळेतून वायर मिळणार होती, म्हणून गाडी आम्ही नळाशेजारीच लावली. कांताबाई म्हणजे आमच्याच वयाची, कंबरेला पदर खोचलेली, आवाजाने चार घरं चालवणारी बाई. तिने सुलभाला ताई केलं आणि लगेच मला दाजी.

"दाजी, जादूगार ना तुमी? मंग नळाला पानी आना. चार दिस झालं, न्हाई आलं."

"कधी येतं?"

"ते त्याला म्हाईत आन् मोटारीला म्हाईत. आलं की घंटाभर ऱ्हातं. आज येईल न्हाईतर उद्या. आलं की पयली तुमची मशीन भरून घ्या, पावणी हाय ती."

मी पाइप नळाला लावला. पाइपाचं दुसरं टोक मशीनमध्ये. सुलभाने टबात पांढरे कपडे रचून ठेवले. आणि मग माझ्यादेखत स्वतःच्या साड्या, आठवडाभराच्या न धुतलेल्या, घडी घालून प्रवासाच्या पिशवीत भरल्या.

"त्या पण टाक ना."

"नको. या मी घरी धुवीन."

पिशवीची चेन लागल्याचा आवाज झाला.  सकाळी नळाने एक उसासाही टाकला नाही.

खेळ दुपारी उन्हं कलल्यावर. पटांगणात पोरं, मागे बाप्ये, कुंपणाकडे बायका. मी टबातून परत काढलेला, ताकाचा वास मारणारा अंगरखा घालून उभा राहिलो. एका कानाचा ससा काढला, पोरांना तो दोन कानांच्या सशापेक्षा जास्त आवडला. माझं तोंड आपोआप बोलत होतं, आणि मी कुठेतरी मागे बसून ते ऐकत होतो, दमून. गुडघे दुखत होते. मला वाटलं, हिचं काय चुकलं? मलाही जावंसं वाटतंय. फरक एवढाच की मला हे बोलायची सोय नाही, कारण खेळ माझ्या नावाचा आहे.

मग पेटी. सुलभा चंदेरी झग्यात आली. पेटीत शिरताना ती दरवेळी हळूच म्हणते, "आटपा लवकर." आज नुसतं बघितलं आणि आत गेली. पेटीची फाटलेली बाजू मी मुद्दाम लोकांच्या विरुद्ध बाजूला केली होती. म्हणजे कांताबाईंच्या नळाकडे.

मंत्र. दार. रिकामी पेटी. टाळ्या.

यानंतरचं माझं भाषण ठरलेलं आहे. "रसिकहो, सुलभादेवी आता या गावात नाहीत. त्या आमच्या घरी, चिपळूणला पोचल्या आहेत." हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आलोय. त्या दिवशी ते म्हणताना माझा आवाज फाटला. उद्या हे खरं होणार होतं. तरी पुढचं म्हटलं, "सगळ्यांनी अगदी गप्प बसा. मी त्यांना हाक मारतो. बघू, इतक्या लांबून ओ येते का. सुलभा!"

इथे शांतता असते. ओ कधीच येत नाही, आणि पोरांचे डोळे मोठे होतात. त्या शांततेत कुंपणापलीकडून एक बारीक आवाज आला. फुस्स. मग घरघर. नळातून आधी हवा येते.

आणि पेटीच्या पाठीमागून ओ आली.

ते वाक्य मी शेवटी सांगणार आहे. धंद्याची सवय आहे, माफ करा. आधी त्याचा परिणाम ऐका. कुणी हसलं नाही. पेटीत बाई आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. सगळं पटांगण एकदम उठलं. बाप्ये, बायका, पोरं, माझी ओळख करून देणारे मुख्याध्यापक, सगळे घराकडे पळाले. खुर्च्या उलथल्या, हंडे वाजले, गल्लीभर पाइप सोडले गेले. पेटीची पाठ बाजूला सारून सुलभा चंदेरी झग्यानिशी माझ्या अंगावरून पळत गेली आणि कांताबाई ओरडली, "दाजी, हुभं काय ऱ्हायलात, पायप धरा!" मी पाइप धरला. मशीन पहिल्यांदा पाणी प्यायलं, आणि थरथरत, किंचाळत असं काही चाललं की गाव बघायला आलं. आधी पांढरे, मग त्याच पाण्यात रंगीत, मग उरलेलं पाणी कांताबाईंच्या शेवग्याला. सुलभाने एकही कपडा पिळला नाही.

गावात मात्र वेगळीच बातमी झाली. जादूगाराने बाईला कोकणात धाडलं आणि तिने तिथून पाणी सोडलं. आजूबाजूच्या गावांतून बोलावणी आली. प्रत्येक ठिकाणी आधी नळ दाखवायचे, मग पटांगण. मी नाही म्हणालो नाही, हो पण म्हणालो नाही.

सकाळची एसटी आली आणि तिच्याशिवाय गेली. दोरीवर तिच्या सगळ्या साड्या होत्या. कांताबाईने विचारलं, "ताई, जानार हुता ना?" सुलभा म्हणाली, "वाळायला हव्यात की आधी." वाळल्या, आणि आम्ही पुढच्या गावाला गेलो. उन्हं तापली तेव्हा परत आलो, एकाच गाडीतून. तिचा खांदा अजून दुखतो. पेटीची भेग मी बुजवलेली नाही, ती म्हणते, हवा बरी येते.

आता ते वाक्य. भर शांततेत, रिकाम्या पेटीतून, चिपळूणला पोचलेली माझी बायको जिवाच्या आकांताने ओरडली होती:

"अहो, पाणी आलं! धावा, आणि माझी पिशवी पण आणा, त्या साड्या टाकायच्या राहिल्यात!"